आठ जागांचा डबा

आमच्या घरात आजवर एकच यंत्र असं आलं, की ज्यानं सांगितलेलं काम तंतोतंत केलं. आप्पांनी ते सुरू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी भंगारात घातलं.

यंत्र मी आणलं होतं. (आमच्या घरात जे भंगारात जातं ते बहुतेक मीच आणलेलं असतं.) गोष्ट दोन हजार पाच सालची. मी शिरोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात नोकरीला होतो आणि घरात माझी ख्याती 'शिवूला सगळं कळतंय' अशी होती. ती मीच पसरवली होती.

मंगळवार पेठेत आमचं दुधाचं दुकान. पुढं दुकान, वर घर आणि मागं कोल्ड रूम. त्या कोल्ड रूमचा कारभार वीस वर्षं दस्तगीरभाईंकडं. ते रोज सकाळी दारावर तळवा टेकवायचे, डोळे मिटून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "हाय बराबर." झालं! एवढ्यावर आमचं दही, श्रीखंड आणि बासुंदी वीस वर्षं टिकून होती. मला ही पद्धत अगदीच अडाणी वाटायची.

त्यात माझ्या बहिणीचं, शैलाचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा, साखरपुडा आमच्याकडं. बोलणी उरकल्यावर उठता उठता व्याही आप्पांना म्हणाले, "मानपान काय नको आमास्नी. तुमच्या बासुंदीचं लई ऐकलंय. तेवढी पोटभर घाला म्हंजे झालं."

"पोटभर? पोहायला सोडतो की!" आप्पा म्हणाले.

बोलून बसले आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. साठ लिटर बासुंदी आदल्या दिवशी सकाळी तयार व्हायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थंड राहायला हवी. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी दस्तगीरभाई मिरजेला गेले असताना नेमका कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि पातेलंभर श्रीखंड आंबून गेलं होतं. ते श्रीखंड आप्पांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"ह्या वक्ताला तसं झालं तर निपाणीकरांम्होरं काय तोंड दाखवू रं?"

"आप्पा, काळजी सोडा," मी म्हणालो. (मी हे वाक्य म्हणालो की आई देवापुढं दिवा लावते.)

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आलो. आमच्या साहेबांनी परदेशातून आणलेला आणि कुणालाच चालवायला न जमल्यामुळं कपाटात पडलेला. पुस्तकाएवढा, काळा, पुढं दोन हिरवे दिवे. मी सगळ्यांना गोळा करून भाषण दिलं. "ह्याला कॉम्प्रेसर जोडायचा. ह्याची थर्मामीटरची वायर आत सोडायची. आत गरम झालं की हा आपण होऊन इमेल पाठवतो! आणि मग जगात कुठंही बसून, कॉम्प्युटरवरून, कॉम्प्रेसर चालू-बंद करता येतो!"

"जगात कुठनं बी?" दस्तगीरभाईंनी विचारलं. "पन कॉम्प्रेसर तर हितंच हाय की."

मी त्यांच्याकडं करुणेनं पाहिलं.

डबा नेटवर्कला जोडण्यात माझे दोन दिवस गेले. त्याला त्याचा स्वतःचा पत्ता द्यावा लागतो. आकडे आणि मधे टिंबं. मी घाईत दुकानातल्या कॉम्प्युटरचाच पत्ता त्याला देऊन बसलो. मग डबा चालू केला की कॉम्प्युटरचं इंटरनेट जायचं आणि कॉम्प्युटर चालू केला की डबा गप्प. एका पाटावर दोन जावई बसवल्यासारखं झालं होतं ते. रात्री दुकान बंद झाल्यावर आप्पाही शेजारी स्टूल टाकून बसलेले.

"पत्ता घालालायस न्हवं? मग खाली पिनकोड घाल. पिनकोडबिगर पोचत न्हाय."

"आप्पा, हा तसला पत्ता नव्हे."

"घालून तर बघ. तुझं काय जातंय?"

शेवटी चूक माझ्या लक्षात आली, मी शेवटचा आकडा बदलला आणि डबा लागला. (आप्पा आजही सांगतात, पिनकोड घातल्यावर लागला.)

मग आलं इमेलचं पान. किती डिग्रीच्या वर गेलं की कळवायचं? कोल्ड रूम चारवर असायची. मी आठ लिहिलं.

"आठला कळवून काय उपेग? तवर वाटोळं हुईल. पाच घाल!" आप्पा म्हणाले.

"मालक, नुस्तं दार उघडं ऱ्हायलं तरी पाच हुतंय," दस्तगीरभाई म्हणाले.

"दस्तगीरभाई, हे हातानं बघायचं काम नव्हे," मी म्हणालो आणि पाच लिहिलं. थंड होईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा कळवायचं, असंही लिहिलं. त्याखाली होतं, 'कुणाला कळवायचं?' आणि आठ रिकाम्या जागा. इथं माझ्या हातून एक घोडचूक झाली. मी ते मोठ्यानं वाचलं.

आमच्याकडं कळवणं हा मान असतो. बारशाचं कुणाला आधी कळवलं आणि कुणाला मागनं, यावरून आमच्या भावकीत दोन-दोन वर्षं अबोला चाललाय. त्यामुळं त्या आठ जागांकडं सगळ्यांनी लग्नाच्या पंगतीकडं बघावं तसं बघितलं.

"आक्काचं पहिलं घाल," आप्पा म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. राहायला शाहूपुरीत, पण आवाज मंगळवार पेठेपर्यंत येतो.

"आत्याला कुठंय इमेल?"

"तिच्या सुनंला हाय की, ब्यांकेत. तिच्याकडं धाड. आन् पहिल्या जागंवर घाल, न्हायतर आक्का साखरपुड्याला यायची न्हाय."

दुसऱ्या जागेवर दाजी, म्हणजे पुण्याचे आमचे थोरले जावई. आईला तेवढ्यानं समाधान नव्हतं. "जावयाला नुस्तं इमेल? चालू-बंद करायचा पासवर्ड न्हाय? म्हंजे त्यास्नी परकंच समजलास की!" दाजींना पासवर्ड दिला. दाजींना दिला म्हणून बंगळूरच्या चुलतभावाला, महेशला दिला. नाहीतर राजारामपुरीचे काका विचारणार, आमच्या पोरानं काय घोडं मारलंय? मग काका स्वतः. मग गल्लीतले डॉक्टर. मग तालमीचे अध्यक्ष. मग शैला म्हणाली, "बासुंदी माझ्या साखरपुड्याची आणि मलाच कळणार न्हाय व्हय?" ती सातवी.

"आन् निपाणीचं पावणं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा! बासुंदी नासाय लागलीय म्हणून व्याह्यांना कळवायचं?"

"व्हय रं. त्यास्नी नको."

आठही जागा भरल्या आणि तेवढ्यात आईच्या आवाजात पाणी आलं. "सगळी झाली. माझ्या म्हायेरचं मातर एक बी नाव न्हाय." इचलकरंजीच्या मावशीच्या यजमानांना इमेल होता. आता नववी जागा आणायची कुठून? "थांब, बसवतो," मी म्हणालो आणि बसवलं. कसं बसवलं ते आत्ता विचारू नका. शिकलेल्या माणसाला वाट सापडतेच.

आईनं डब्याला हळदकुंकू लावलं. मी त्यावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, 'हात लावू नये. हुकमावरून, शिवानंद.' आणि सगळ्यांकडून, दस्तगीरभाईंकडूनही, गळ्याची शपथ घेतली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला साठ लिटर बासुंदी तीन मोठ्या पातेल्यांतून आत गेली. मी डब्याशेजारच्या प्लगला माझा मोबाईल चार्जिंगला लावला, तो तिथंच विसरलो आणि कोडोलीच्या मामांना आणायला मोटारसायकलवरून निघालो.

मामा उसात होते. मी त्यांना तसंच उचलून गावातल्या नेट कॅफेत आणलं. मला राहवतच नव्हतं! "मामा, कोल्हापुरातली बासुंदी ह्या घडीला कशी आहे, ते मी इथं बसून सांगतो." माझं इमेल उघडलं. एकही पत्र नव्हतं.

"बघा!" मी म्हणालो. "काही नाही! म्हणजे सगळं थंडगार."

मामा बराच वेळ त्या रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. "म्हंजे, काय बी आलं न्हाय हे दावाय मला उसातनं हितं आणलंस व्हय?"

मी त्यांना चहा पाजला. तासाभरानं पुन्हा उघडून पाहिलं. काही नाही. आणखी एक चहा सांगितला. इतका शांत, इतका अभिमानी मी त्याआधी कधी नव्हतो, आणि त्यानंतरही झालो नाही.

आता त्याच वेळी घरी काय चाललं होतं ते सांगतो. हे मला शैलानं सांगितलंय, आणि ती अजून प्रत्येक दिवाळीला न चुकता सांगते.

अकराच्या सुमाराला आई वेलदोडा घालायला कोल्ड रूममध्ये गेली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून दारातच उभं राहून दोघी बोलल्या. शैलाच्या साडीविषयी बोलल्या, म्हणजे थोडक्यात उरकणार नव्हतं. आत साडेपाच डिग्री झालं आणि माझ्या डब्यानं इमानेइतबारे आठ ठिकाणी बोंब ठोकली.

आत्याच्या सुनेनं बँकेतून फोन केला. आत्यानं आमच्याकडं केला. "काय झालंय बासुंदीला? मला पहिलं कळवलंय म्हंजे काय तरी मोठं झालंया! निघालो बघ मी!" (आमच्याकडं बायकाही 'निघालो'च म्हणतात, आणि म्हणेपर्यंत रिक्षात बसलेल्या असतात.) काका राजारामपुरीतून निघाले. डॉक्टर समोरच्या दवाखान्यातून पेशंटसकट आले. तालमीचे अध्यक्ष चौघा पैलवानांना घेऊन आले. आले तसे शड्डू ठोकायचेच बाकी होते.

आणि आलेल्या प्रत्येकानं काय केलं? दार उघडलं!

"बघू की काय झालंय." आत्यानं उघडलं. "सर बाजूला, मला बघू दे." काकांनी उघडलं. पैलवानांनी तर दोन्ही हातांनी उघडलं आणि आत जाऊन गारव्याला उभे राहिले. आत सात झालं. सातचं इमेल गेलं. मग डॉक्टरांच्या दवाखान्यातला उरलेला पेशंटही आला, कारण डॉक्टर का येत नाहीत हे त्याला बघायचं होतं. नऊ झालं. दस्तगीरभाई ओरडत होते, "अवो, दार लावा! दार लावलं की झालं बराबर!" त्यांचं ऐकतंय कोण? यंत्रानं सांगितलं होतं, बासुंदी धोक्यात आहे!

"शिवूला फोन लावा!" आप्पा गरजले. लावला. माझा मोबाईल डब्याशेजारीच वाजायला लागला. सगळे त्याच्याभोवती जमले. पण वर कागद होता, 'हात लावू नये.' शपथ होती. फोन वाजून वाजून थकला.

इकडं पुण्याला दाजी कामाला लागले होते. सासुरवाडीनं पासवर्ड दिलाय म्हटल्यावर माणूस स्वस्थ बसेल का? त्यांनी पान उघडलं. पडद्यावर एकच बटण होतं. एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. चालूच असलेला कॉम्प्रेसर चालू करण्यासाठी दाजींनी ते दाबलं. बंद पडला. तिकडं बंगळूरला महेशनं बघितलं, अरे, बंद आहे की! दाबलं. चालू. दाजींनी खात्रीसाठी पुन्हा दाबलं. बंद. दोघेही हुशार, दोघेही मायाळू, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! कॉम्प्रेसर घुर्र करायचा आणि मटकन बसायचा, पुन्हा घुर्र, पुन्हा मटकन.

"अगं आई, ह्याच्या अंगात आलंया काय?" आत्या कडाडली.

दस्तगीरभाईंचा हात दोनदा वायरीपर्यंत गेला. दोन्ही वेळा आईनं तो धरला. "नगा दस्तगीरभाई, शिवूच्या गळ्याची शपथ हाय." शेवटी कॉम्प्रेसरनंच जीव टाकला. खट्ट झालं आणि सगळं गप्प.

तीनला मी मामांना घेऊन गल्लीत शिरलो, तर आमच्या दारात चपलांचा ढीग! गल्ली माणसांनी भरलेली. कुणी बोलत नव्हतं. आप्पांना काही झालं की काय? गाडी स्टँडला न लावताच मी धावलो. गाडी मामांच्या पायावर पडली.

आणि आतून आप्पा आले. ठणठणीत! मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारायला गेलो.

"लांब हो," आप्पा म्हणाले. "बारा झालंय."

"दुपारचे तीन झालेत, आप्पा."

"आत! आत बारा डिग्री झालंय, शाण्या!"

आणि मग मी काय केलं, तर माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यानं करायची पहिली गोष्ट केली. दार उघडून बघितलं. तेरा झालं.

दस्तगीरभाईंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, माझ्या डोळ्यांदेखत डब्याची वायर उपसली आणि कॉम्प्रेसरवर तळवा टेकवला. "लई तापलाय. सांजपत्तुर गप ठेवाय पायजे. पन बासुंदीला तेवढा दम न्हाय. तासात आंबायला लागंल."

आप्पा पातेल्याजवळच्या पोत्यावर बसले. वीस वर्षांत मी त्यांना दुकानाच्या वेळेत बसलेलं पाहिलं नव्हतं. "उद्या निपाणीकर इचारतील," ते हळू म्हणाले, "आन् मी पोहायला सोडतो म्हटलंय." शैला दाराआड उभी होती, तिचे डोळे भरलेले. मला खरंच रडू आलं. त्या क्षणी कुणी मलाच भंगारात घातलं असतं तरी मी आवाज काढला नसता.

तेवढ्यात आत्या कंबर कसून उभी राहिली. "काय रं, समदी बघायला आलाया न्हवं? बघून झालं? मग मोकळ्या हातानं कशाला जाताय? ज्याच्या घरात फ्रिज हाय त्यानं किटली उचला!"

दुकानातल्या किटल्या, कॅन, घागरी, सगळं बाहेर आलं. पैलवानांनी पातेली उचलून धरली, दस्तगीरभाई मापानं ओतत गेले आणि अर्ध्या तासात आमची साठ लिटर बासुंदी मंगळवार पेठेतल्या तीस-बत्तीस फ्रिजांत जाऊन बसली. कुणी भाजी बाहेर काढली, कुणी बर्फाचे ट्रे. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फ्रिजातली इंजेक्शनं एका बाजूला सारली. एकही घर नको म्हणालं नाही. माझ्या डब्यानं एवढं एक काम मात्र झकास केलं होतं. नेमकी हवी तितकी माणसं जमवली होती.

दुसऱ्या दिवशी सगळी बासुंदी परत आली, थोडीबहुत चव बघून. निपाणीचे व्याही जेवायला बसले. पहिली वाटी संपवली, दुसरी घेतली, थांबले.

"व्याही," ते म्हणाले, "पयल्या वाटीला मोगऱ्याचा वास हुता. हिला कलिंगडाचा हाय. किती तऱ्हा केल्यासा?"

कुणाच्या फ्रिजात गजरे होते, कुणाच्यात चिरलेलं कलिंगड! आप्पांची पापणी लवली नाही. "पाच," ते म्हणाले. "तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम."

व्याह्यांनी पाचही खाल्ल्या. (लसणीची त्यांना फारशी आवडली नाही.)

पावणं गेल्यावर आप्पांनी मला समोर बसवलं. "आता एकच सांग. आठ जणांस्नी कळलं. बंगळूरपत्तुर कळलं. तुला का कळलं न्हाय?"

मी खाली बघितलं. "जागा आठच होत्या. मावशीचे यजमान नववे झाले असते."

"मग?"

"मग मी माझं नाव काढलं. म्हटलं, डबा आपलाच, मी घरातलाच. मला कशाला कळवायला पाहिजे?"

आप्पा उठले आणि डबा घेऊन भंगारवाल्याकडं गेले. दस्तगीरभाईंनी दारावर तळवा टेकवला. "हाय बराबर."

पण यादी राहिली! लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून कुणाकुणाची नावं घालायची, कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरून दरवेळी रणकंदन होतं. ह्या वेळी आप्पांनी माझी आठ नावांची यादीच प्रेसवाल्याला दिली. पत्रिका छापून आली. सुनेच्या जागी आत्या पहिली, मग दाजी, थेट मावशीच्या यजमानांपर्यंत. सातव्या जागी तर खुद्द नवरीच निमंत्रक! आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणी रुसलं नाही. मी पत्रिका तीनदा वाचली.

"आप्पा, ह्यात माझं नाव?"

"यादी तुझीच हाय की," आप्पा म्हणाले. "आन् तू घरातलाच न्हवं?"

लग्नाच्या पंगतीत निपाणीचे एक आजोबा पत्रिका हातात घेऊन सगळी नावं माणसांशी जुळवत बसले होते. मी वाढत वाढत त्यांच्यापाशी आलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पुन्हा पत्रिका बघितली आणि विचारलं, "पावणं, तुमी कुणाकडचं?"

मी हातातली बादली वर केली. म्हटलं, "बासुंदीकडचा."